ग्रामीण अमेरिकेतल्या निवडणुका आणि बाजारातले भाव: वाचायचे कसे?

पश्चिमघाट

मागे इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी पॉलीमार्केटचा (निवडणुकीच्या निकालांवर पैसे लावायचा ऑनलाइन बाजार) स्क्रीनशॉट डकवून 'निकाल लागल्यातच जमा आहे' असं लिहिलं होतं. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ते एक वेळ चालून जातं. २०२४ ला एकट्या पॉलीमार्केटवर त्या एका प्रश्नावर ३ अब्ज डॉलर्सच्या वर उलाढाल झाली. पण प्रतिनिधीगृहाची एखादी ग्रामीण जागा, जिथे धड जनमत चाचण्याही होत नाहीत, तिथला भाव वाचायचा कसा, यावर मराठीत काही वाचलेलं आठवत नाही. म्हणून हा धागा.

माझं आवडतं उदाहरण मोंटानाचं. क्षेत्रफळाने हे राज्य महाराष्ट्रापेक्षा मोठं, लोकसंख्या जेमतेम १० लाखांच्या वर, आणि तेव्हा अख्ख्या राज्याला मिळून खासदार एकच. ते खासदार रायन झिंकी ट्रम्प मंत्रिमंडळात गेले म्हणून २५ मे २०१७ ला पोटनिवडणूक लागली. रिपब्लिकन ग्रेग जियानफोर्टे, सॉफ्टवेअर कंपनी विकून श्रीमंत झालेले. डेमोक्रॅट रॉब क्विस्ट, कायम काउबॉय हॅटमध्ये दिसणारे लोकगायक. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी बोझमनमध्ये 'गार्डियन'चे वार्ताहर बेन जेकब्ज यांनी आरोग्य विम्याच्या विधेयकावर प्रश्न विचारला आणि जियानफोर्टेंनी त्यांना चक्क जमिनीवर आपटलं.

ध्वनिमुद्रण त्याच रात्री सगळीकडे वाजलं. फॉक्स न्यूजची टीम खोलीतच होती, त्यामुळे 'वार्ताहरानेच आगळीक केली' हा प्रचार कार्यालयाचा खुलासा टिकला नाही. काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) शेरीफने हल्ल्याचा ठपका ठेवला, राज्यातल्या ३ मोठ्या दैनिकांनी आपला पाठिंबा काढून घेतला. प्रेडिक्टइट नावाचा असाच एक बाजार तेव्हा जोरात होता. तिथे जियानफोर्टेंचा भाव रातोरात खाली आला.

आणि दुसऱ्या दिवशी गडी आरामात निवडून आला. साधारण ५० टक्के विरुद्ध ४४, उरलेली ६ टक्के लिबर्टेरियन या तिसऱ्या पक्षाच्या उमेदवाराला.

कारण सोपं होतं. मोंटानात बहुतेक लोक टपालाने मत देतात. प्रकार घडला तोवर एकूण मतांपैकी दोन तृतीयांशाच्या आसपास मतं परत येऊन पडली होती आणि दिलेलं मत मागे घेता येत नाही. मारहाणीची बातमी जगाने ऐकली. किती मतपत्रिका परत आल्या हा आकडाही राज्य सरकार जाहीर करत होतं, पण न्यूयॉर्कमध्ये बसून बटण दाबणाऱ्या किती जणांनी तो उघडून बघितला असेल?

माझं म्हणणं एवढंच की ग्रामीण जागेवरचा भाव हा बहुतांशी दूर बसलेल्या मूठभर लोकांनी बातम्या वाचून केलेला अंदाज असतो. निकाल ठरतो टपालावर, मोजणीच्या पद्धतीवर, कुठली काउंटी उशिरा मोजते यावर. आधी ते बघावं, मग भाव.

(जियानफोर्टेंनी पुढे गुन्हा कबूल केला, ४० तास समाजसेवेची शिक्षा झाली. २०२० ला ते मोंटानाचे गव्हर्नर झाले. असो.)

वाचनवेडी

रोचक! वाचतेय. पण एक बाळबोध प्रश्न: हा 'भाव' म्हणजे नक्की काय? टक्के का पैसे?

पश्चिमघाट

दोन्ही. 'अमुक जिंकेल' असा एक कागद समजा. जिंकला तर त्याचा १ डॉलर मिळणार, हरला तर शून्य. तो कागद आज ७० सेंटला विकला जात असेल तर लोक म्हणतात, बाजाराच्या मते शक्यता ७० टक्के. या 'लोक म्हणतात'मध्येच सगळी गोम आहे.

आडत्या

आमच्या लोकांचा इथं हमखास घोळ होतो म्हणून सांगतो. आपल्याकडच्या सट्ट्यात भाव जेवढा कमी तेवढा घोडा पक्का. ३५ पैसे भाव म्हणजे रुपया लावला तर वर ३५ पैसे सुटणार, कारण जिंकणार हे सगळ्यांना ठाऊक. भाव ३ रुपये झाला की समजायचं गडी आडवा होणार. अमेरिकेचं उलटं, ९० सेंट म्हणजे पक्का. माझ्या एका दोस्ताने ट्रम्पचा भाव वाढला म्हणून हळहळ व्यक्त केली होती.

बाकी 'पैसा खोटं बोलत नाही' यावर माझा विश्वास नाही. २०२४ च्या लोकसभेला राजस्थानातल्या फलोदीचा सट्टाबाजार भाजपला ३०० च्या वर जागा देत होता. आल्या २४०. आणि तिथं तर पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा करणारी माणसं बसलेली आहेत.

अंशछेद

पश्चिमघाट यांच्याशी बराचसा सहमत, पण प्रेडिक्टइटच्या भावाला टक्केवारी समजण्यात आणखी एक अडचण होती, ती सांगतो. हा बाजार न्यूझीलंडच्या व्हिक्टोरिया विद्यापीठाने संशोधनाच्या नावाखाली काढलेला. अमेरिकी नियामकाने २०१४ ला परवानगी दिली ती अटी घालून: एका कागदावर एका माणसाचे जास्तीत जास्त ८५० डॉलर्स आणि जास्तीत जास्त ५,००० माणसं. म्हणजे ज्याला खरोखर माहिती आहे त्यालाही ८५० च्या वर बोलता येत नव्हतं.

त्यात कापाकापी. नफ्यावर १० टक्के आणि पैसे बाहेर काढताना सगळ्या रकमेवर ५ टक्के. आता समजा तुम्ही पक्क्या उमेदवाराचा कागद ९५ सेंटला घेतला आणि तो जिंकला. मिळाला १ डॉलर. नफा ५ सेंट, त्यातला अर्धा सेंट गेला, उरले ९९.५. बँकेत नेताना ५ टक्के गेले, हातात आले ९४.५. अंदाज बरोबर ठरला आणि तरी अर्धा सेंट पदरचा गेला!

पैसे आतच फिरवत ठेवणाऱ्याला हे लगेच बोचत नाही, पण ज्याला काढायचेत तो ९५ च्या वर कशाला विकत घेईल? परिणामी, जो उमेदवार हरणारच असतो तोसुद्धा ५-६ सेंटवर रेंगाळतो. त्या ५-६ ला 'शक्यता' म्हणण्यात अर्थ नाही. ग्रामीण, एकतर्फी जागांवर हा प्रकार सर्रास दिसतो.

नव्या बाजारांत एवढी कापाकापी नाही, पण विरळपणा आहेच. घेणारा ५८ म्हणतोय, विकणारा ६६, मध्ये सौदाच नाही. पॉलीमार्केट अशा वेळी मधला आकडा, ६२, दाखवतं. दोघांतलं अंतर १० सेंटच्या वर गेलं तर शेवटच्या सौद्याचा भाव दाखवतं, मग तो सौदा काल रात्रीचा का असेना. स्क्रीनशॉटमध्ये यातलं काही दिसत नाही.

संपादक

सूचना: भारतात ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर पैसे लावून खेळायचे असले मंच बेकायदा आहेत. चर्चा जरूर करा. दुवे, 'टिप्स', रेफरल टाकल्यास प्रतिसाद उडवला जाईल.

जुनाखोड

जुगार तो जुगार. त्याला विद्यापीठाचं नाव दिलं आणि आलेख काढले म्हणून तो अर्थशास्त्र होत नाही. आता तर सीएनएनसारखी वाहिनीसुद्धा कॅल्शी नावाच्या अशाच बाजाराशी करार करून हे भाव दाखवणार म्हणे. पूर्वी वर्तमानपत्रात मटक्याचे आकडे छापत तसंच.

अंशछेद

@जुनाखोड, जुगार आहे हे मान्यच. पण मतदानोत्तर चाचण्यांचं काय झालं ते आपण ४ जून २०२४ ला पाहिलंच की. प्रश्न 'हे पवित्र आहे का' असा नसून 'यातून काही कळतं का' असा आहे.

सावंतवाडीची_सून

धागा उशिरा पाहिला. मी मेन राज्यात, बँगोरला राहते, म्हणजे या विषयाच्या ऐन मध्यावर! आमचा दुसरा मतदारसंघ देशातल्या सर्वात ग्रामीण मतदारसंघांपैकी एक. राज्याची ८० टक्क्यांच्या आसपास जमीन यात येते. उत्तरेकडचा एकटा अरूस्टुक परगणाच कनेटिकट आणि ऱ्होड आयलंड एकत्र केले तरी त्यांना पुरून उरेल. बटाट्याचा मुलूख आहे, काढणीच्या हंगामात तिथल्या काही शाळांना अजूनही सुट्टी देतात.

इथे ट्रम्प २०१६, २०२० आणि २०२४ असे तिन्ही वेळा जिंकले. आणि खासदार २०१८ पासून सलग ४ वेळा डेमोक्रॅट जॅरेड गोल्डन. लुइस्टनचा माणूस, माजी मरीन. बाहेरून पाहणाऱ्याला हे गणितच बसत नाही.

२०१८ ची गंमत सांगते. आमच्याकडे पसंतीक्रमाची मोजणी आहे: पहिली पसंती, दुसरी, तिसरी. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर तळातले उमेदवार बाद करून त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजायची. मतदानाच्या रात्री रिपब्लिकन ब्रूस पॉलिक्विन पुढे होते, ४६.३ विरुद्ध ४५.६. साधारण २ हजार मतांची आघाडी. इतर बहुतेक राज्यांत त्या रात्रीच मिठाई वाटली गेली असती. पण दोन अपक्षांनी मिळून ८ टक्के मतं घेतली होती आणि त्यांचा कल कुठे आहे हे इथे कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. गावोगावच्या मतपत्रिका राजधानी ऑगस्टाला नेल्या आणि नवव्या दिवशी गोल्डन विजयी ठरले. फरक अखेर साडेतीन हजारांचा. पॉलिक्विन कोर्टात गेले, ही पद्धतच घटनाबाह्य आहे म्हणाले. न्यायाधीशांनी ऐकलं नाही.

त्या ९ दिवसांत ज्याने नुसता 'आघाडीवर कोण' हा रकाना बघून पैसे लावले असतील त्याचे गेले.

दुसरी गोष्ट, बातमीचा अर्थ लावण्याची. ऑक्टोबर २०२३ मध्ये लुइस्टनमध्ये गोळीबार झाला, १८ माणसं गेली. गोल्डन तोवर लष्करी धाटणीच्या बंदुकांवरच्या बंदीच्या विरोधात मत देणारे. दुसऱ्याच दिवशी पत्रकारांसमोर उभे राहून त्यांनी आपली भूमिका चुकली असं सांगितलं आणि माफी मागितली. शिकारीच्या मुलखात याचा अर्थ बाहेरचे लावणार 'संपला हा'. इथले काही चिडले, काहींना पटलं, आणि बऱ्याच जणांनी 'पटत नाही, पण तोंडावर सांगितलं' एवढ्यावर ठेवून दिलं. २०२४ ला ते सुमारे २,७०० मतांनी तरले. ही असली बारीक गोष्ट कुठल्या भावात दिसणार? मी इतकी वर्षं इथे राहते तरी मला अंदाज नव्हता.

वाचनवेडी

ताई, प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र लेखच झाला की. _/\_

कणीस

आयोवातून हजेरी. निवडणुकीचा सर्वात जुना चालू बाजार आमच्याकडचा: आयोवा विद्यापीठाचा, १९८८ पासून, कमाल मर्यादा ५०० डॉलर्स. आणि २०२० ला हे विद्यापीठ ज्या मतदारसंघात येत होतं तिथेच काय झालं बघा. मरियानेट मिलर-मीक्स विरुद्ध रीटा हार्ट, ४ लाखांच्या जवळपास मतदान, २४ काउंट्या. अखेरचा फरक: ६ मतं.

सहा हजार नव्हे, ६.

मधल्या काळात आघाडी या बाजूची त्या बाजूला झाली, तीही मतांमुळे नाही. जॅस्पर काउंटीत आकडा चुकीचा भरला गेला होता. तो सुधारला तर लुकास काउंटीत एका केंद्राचा आकडा चुकलेला सापडला. आता सांगा, एका काउंटीच्या कचेरीत कुणीतरी चुकीचा आकडा टंकणार आहे, याची किंमत किती सेंट? बाजार त्या दिवशी ५० च्या आसपास हेलकावे खाण्यापलीकडे काय करू शकतो? आणि तो ५० दाखवत असेल तर तो बरोबरच आहे. मला वाटतं पश्चिमघाट बाजारावर जरा जास्तच खार खाऊन आहेत.

पश्चिमघाट

@कणीस, खार वगैरे नाही हो. अटीतटीच्या जागेला ५० म्हणणारा बाजार मला मान्यच आहे. माझा आक्षेप ८५-९० म्हणणाऱ्यावर आहे, जेव्हा त्या ९० मागे चार चाचण्या आणि हजारभर डॉलर्स असतात.

चष्मिस

'जिंकला' म्हणजे कधी जिंकला, हा प्रश्न कुणीच विचारला नाही अजून. नॉर्थ कॅरोलायनाचा नववा मतदारसंघ, २०१८. रिपब्लिकन मार्क हॅरिस ९०५ मतांनी पुढे. असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेने निकाल जाहीरही केला. मग ब्लेडन या ग्रामीण काउंटीतून टपाली मतपत्रिका घरोघर गोळा केल्याचं, काही भरून टाकल्याचं बाहेर आलं. राज्याच्या निवडणूक मंडळाने निकालावर शिक्का मारायला नकार दिला, एपीने आपला निकाल मागे घेतला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये निवडणूकच रद्द झाली. फेरनिवडणुकीत हॅरिस उमेदवारच नव्हते. सप्टेंबरात डॅन बिशप जिंकले.

तर कागदावर 'एपी जाहीर करेल तो विजेता' असं लिहिलंय, की 'राज्याने प्रमाणित केलेला', की 'शपथ घेणारा'? तिघांची उत्तरं वेगळी येतात. आयोवातही हार्ट यांनी थेट प्रतिनिधीगृहाकडे तक्रार नेली होती, मार्च २०२१ अखेर मागे घेतली, तोवर टांगती तलवार होतीच.

भाव बघण्याआधी खालचा बारीक टाइप वाचा. झेलेन्स्कींनी सूट घातला की नाही यावर २०२५ ला पॉलीमार्केटवर जो तमाशा झाला तो आठवा. फोटो समोर होता, सूट म्हणजे काय यावर जमत नव्हतं.

आडत्या

खिक्! आमच्यात बुकी म्हणेल तो निकाल, विषय संपला.

अंशछेद

एक मुद्दा बाजाराच्या बाजूने. भाव फसवे म्हणून संख्याशास्त्रीय मॉडेल बरं, असंही नाही. वॉशिंग्टन राज्याचा तिसरा मतदारसंघ, २०२२: फाइव्हथर्टीएट या निवडणुकांचे अंदाज वर्तवणाऱ्या संकेतस्थळाच्या मॉडेलने रिपब्लिकन जो केंटना १०० पैकी ९८ दिले होते. जिंकल्या मेरी ग्लूसेनकँप पेरेझ, नवऱ्याबरोबर मोटारदुरुस्तीचं गॅरेज चालवणाऱ्या, स्कमेनिया काउंटीच्या रानात राहणाऱ्या. फरक साधारण २,६०० मतांचा.

अर्थात, २ टक्क्यांची गोष्ट घडली म्हणून मॉडेल चुकलं असं एका निकालावरून म्हणता येत नाही. अशा पन्नास जागा असतील तर सरासरी एखादी उलटणार.

पश्चिमघाट

@अंशछेद, हा बचाव मला दर वेळी ऐकायला मिळतो आणि दर वेळी अर्धाच पटतो. त्या जागेवर आधीच्या खासदार जेमी हेरेरा ब्यूटलर रिपब्लिकनच होत्या. त्यांनी ट्रम्पवरच्या महाभियोगाला पाठिंबा दिला म्हणून केंट त्यांच्या विरोधात उतरले आणि प्राथमिक फेरीत त्यांना थोडक्यात मागे टाकून पुढे गेले. मग हेरेरा ब्यूटलरना मत देणारे रिपब्लिकन नोव्हेंबरात काय करणार, हाच अख्ख्या निवडणुकीचा प्रश्न होता. मॉडेलला मतदारसंघाचा इतिहास दिसला, हा प्रश्न दिसला नाही. आणि पेरेझबाई २०२४ ला त्याच केंटना हरवून पुन्हा आल्या, या वेळी १६ हजारांच्या आसपास मतांनी. योगायोग दोनदा होत नाही असं म्हणत नाही मी, पण ९८ जरा जास्तच होते.

अंशछेद

हे मान्य. ८५ म्हटलं असतं तर मीही गप्प बसलो असतो.

कणीस

अलास्का राहिलंच की! तिथेही मेनसारखीच पसंतीक्रमाची मोजणी. डॉन यंग ४९ वर्षं खासदार राहून मार्च २०२२ मध्ये वारले. पोटनिवडणुकीच्या पहिल्या फेरीला ४८ उमेदवार! ऑगस्टच्या अंतिम फेरीत तीन: डेमोक्रॅट मेरी पेल्टोला ४० टक्के, सारा पेलिन ३१, निक बेगिच २८ च्या वर. दोन्ही रिपब्लिकनांची बेरीज ६० जवळ, म्हणजे पेलिन येणार हे कुणीही सांगेल. पण बेगिचना पहिली पसंती देणाऱ्यांपैकी निम्म्यांनीच दुसरी पेलिनना दिली. ३० टक्क्यांच्या आसपास पेल्टोलांकडे वळले, उरलेल्यांनी दुसरी पसंती लिहिलीच नाही. पेल्टोला ५१.५ वर निवडून आल्या. मतदान १६ ऑगस्टला, पसंतीक्रमाची मोजणी ३१ ऑगस्टला, कारण दूरच्या खेड्यांतली टपाली मतं यायला वेळ लागतो.

बेथेलसारख्या गावाला रस्त्याने जाताच येत नाही. विमान नाहीतर होडी.

जुनाखोड

हे वाचून माझं मत अधिकच पक्कं झालं आहे. तरी धागा छान. पुढच्या निवडणुकीला पुन्हा वर काढा.

आडत्या

मग सूनबाई, तुमच्या मेनचा पुढचा भाव काय म्हणायचा?

सावंतवाडीची_सून

भाव मी सांगत नाही, संपादक टपून बसलेत. :) पण काय बघायचं ते सांगते. गोल्डन यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की आपण पुन्हा उभे राहणार नाही. रिपब्लिकनांकडून माजी गव्हर्नर पॉल लपाज रिंगणात आहेत. मतदारसंघाचा कल पाहता बाहेरचा कुणीही त्यांनाच वरचा भाव देणार, आणि त्यात काही वावगं नाही.

पण लपाज पहिल्यांदा गव्हर्नर झाले ते २०१० ला, ३८ टक्क्यांहून कमी मतांवर, कारण विरोधी मतं फाटली. इथे पसंतीक्रमाची मागणी जोर धरायला तेच एक मोठं कारण ठरलं. ती पद्धत आता प्रतिनिधीगृहाच्या निवडणुकीला लागू आहे. गव्हर्नरच्या नोव्हेंबरातल्या निवडणुकीला मात्र नाही, कारण राज्यघटना आड येते. म्हणजे २०२६ ला एकाच दिवशी, एकाच केंद्रावर, गव्हर्नर साध्या आघाडीने ठरणार आणि खासदार पसंतीक्रमाने. दोन्ही बाजारांत एकाच हिशेबाने पैसे लावणारे निघणार याची मला खात्री आहे. अपक्ष कोण आणि किती उभे राहतात, ते बघा आधी.